चाळीस मिनिटांची भेट

हैदराबादेतील सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्यांची मुलेनातवंडे आता पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगली आहेत. रविवारी एखाद्या घरी आजी पडद्यासमोर येऊन बसतात. सर्वांचे क्षेमकुशल विचारून होते, मनातले ओठांवर येते, आणि तोच ४० मिनिटे संपून भेट तुटते.

झूमच्या विनामूल्य खात्याची ही मर्यादा होय. जुलै २०२२ पासून ती दोघांच्या संभाषणासही लागू झाली. गूगल मीटवर तिघे वा अधिक जण असल्यास ६० मिनिटे मिळतात. दोघांना मात्र २४ तास. यंत्रांचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतोच, हे खरे. तथापि २०२० च्या साथीत झूमने अनेक शाळांपुरती ही अट उठविली होती. म्हणजे ही अट यंत्राची नव्हे, व्यवहाराची आहे.

पूर्वी ट्रंककॉलचा हिशेबही तीन-तीन मिनिटांचा असे. म्हणून माणसे महत्त्वाचे तेच आधी बोलत. आजच्या घरांनीही तोच शिरस्ता पाळावा : आजींना प्रथम बोलू द्यावे, हवापाण्याच्या गप्पा मागाहून. तुटलेली बैठक पुन्हा भरविता येते. पण ओठांवर आलेले शब्द पुन्हा येतीलच, असे नाही.