दूर बसल्या साथीची लय

जालन्याच्या मस्तगडांत बसून तबलावादकानें ठेका धरावा आणि मुंबईच्या गायकानें त्यावर द्रुत ख्याल गावा, हें शक्य आहे काय? १९२७ सालीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हांपासून दूरचें गाणें घरबसल्या ऐकतां येऊं लागलें. परंतु तें ऐकविणें एकाच दिशेनें चालतें. साथीला दोन दिशा लागतात. गायकानें लय किंचित् वाढवितांच तबल्यानें ती उचलावी, आणि ती उचलली गेल्याचें गायकास तत्क्षणीं ऐकूं यावें, याचेंच नांव साथ.

हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. एकाच बैठकींतले दोघे १० मीटर दूर बसले, तर आवाज सुमारें ३० सहस्रांश सेकंद उशिरां पोंचतो. विलंब याहून वाढला म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहूं लागतो आणि लय ढिली पडते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

तारेचा हिशेब निराळा आहे. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. जालना ते मुंबई हें सुमारें ४०० किलोमीटरांचें अंतर तो २ सहस्रांशांत तोडतो. मग २०२० च्या टाळेबंदींत दूरच्या गुरुशिष्यांचा ठेका जुळेना, तें कां? आवाजाचे तुकडे करणें, ते सांठवून क्रमानें लावणें, बिनतारी जोडणी अडखळणें, यांत वेळ जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठांत घडविलेल्या ‘जॅकट्रिप’सारख्या साधनांनीं हा विलंब पुष्कळ कमी होतो, मात्र घरांत तारेची जोडणी हवी.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. तें अंतर १३,००० किलोमीटरांहून अधिक. जाऊनयेऊन प्रकाशासच १३० सहस्रांश लागतात. मिनिटास २४० मात्रांच्या द्रुत तीनतालांत एक मात्रा २५० सहस्रांशांची. म्हणजे उत्तर अर्ध्या मात्रेहून अधिक मागें पडतें.

परदेशांतील मराठी मुलांनीं दूरच्या गुरूकडून आलाप, पलटे, बंदिशी अवश्य शिकाव्या. तेथें एकानें गावें, दुसऱ्यानें ऐकावें, एवढें पुरतें. परंतु ज्याचा सगळा रियाज ध्वनिमुद्रित ठेक्याबरोबर झाला, त्यास जिवंत ठेका आपल्यासाठीं थबकतो, सरसावतो, हें कळतच नाहीं. तें कळण्यासाठीं त्यानें आपल्याच गांवांतला तबलावादक शोधावा. मस्तगड आणि मुंबई यांस तार जोडूं शकेल. समुद्रापलीकडे मात्र साथीदार जवळचाच हवा.