संग्रहालयाची पायरी, रंगमंदिराचे दार

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दिवाळीनंतर राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शाळांच्या सहली मुंबईस येतात. पंचायतींचे सदस्यही कामकाजाच्या निमित्ताने मंत्रालयात येतात. समुद्र पाहिला, गेटवे ऑफ इंडियासमोर छायाचित्र काढले आणि राणीच्या बागेत प्राणी पाहिले, की मुंबई पाहून झाली असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः गेटवेपासून काही मिनिटांच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे आहे. संध्याकाळी दादरला नाटकाची तिसरी घंटा होत असते. आपण मात्र या दारांवरून पुढे निघून जातो. वेळ नसतो हे खरे. परंतु ही स्थळे शहरातील सुशिक्षितांची आहेत, आपली नव्हेत, हा संकोचही मनात असतो. आज मला या संकोचाविषयीच बोलावयाचे आहे.

ही दारे कोणी उघडली हे पाहिले, तर संकोचाला जागा उरत नाही. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. त्यासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे दोघे अग्रभागी होते. नाना मूळचे मुरबाडचे, तर भाऊ दाजींचा जन्म गोमंतकातील मांद्रे गावचा. व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहालयास १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये जे नाट्यगृह उभे राहिले, त्यालाही नानांचा आधार होता. त्याच रंगमंचावर १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीहून येऊन आपले खेळ केले. भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते. त्याचे स्मरण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो. सारांश, मुंबईच्या संग्रहालयांच्या व नाट्यगृहांच्या पायाभरणीत मुरबाड, मांद्रे आणि सांगली यांचा वाटा आहे. तेथे आपण पाहुणे नाही, वारस आहोत.

आता संग्रहालयात पाहावे काय? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसली. पहिल्या महायुद्धाच्या काळात या इमारतीत लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. तिचे वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विटेट यांनीच पुढे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा केला. म्हणजे मुले ज्या कमानीखाली छायाचित्र काढतात, तिची थोरली बहीण जवळच उभी असते. आत सिंधमधील मीरपूरखास येथील बौद्ध स्तूपाची मृण्मय शिल्पे आहेत, लघुचित्रे आहेत, अकबराचे चिलखत आहे. सर्व दालने एका दिवसात पाहण्याचा अट्टहास मात्र करू नये. एक वस्तू मनापासून पाहिली, तर ती पुढची वस्तू पाहण्याची दृष्टी देते.

अशा एका वस्तूची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुष्काळी तालुक्यातील पंचायत सदस्यांची तुकडी मुंबईस आली होती. त्यांच्यासमवेत जाण्याचे काम माझ्याकडे होते. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे करण्यात आले. मी ही माहिती सांगत असता एक वयस्क सदस्य दगडावरचे सांधे न्याहाळत राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “साहेब, आमच्या वेशीवर तीन वीरगळ होते. त्यांतला एक रस्त्याच्या पायात गेला. त्या ठरावावर सही माझीच आहे.”

त्यांच्या शब्दांत स्वतःविषयीची खंत होती. त्या दिवशी कोणी त्यावर काही बोलले नाही. पुढे काही महिन्यांनी त्यांचे पत्र आले. उरलेले दोन वीरगळ गावाने शाळेच्या पुढ्यात कट्टा बांधून उभे केले होते. संग्रहालयाच्या भेटीचे याहून मोठे फलित मला ठाऊक नाही. काय जतन करावयाचे हे मुंबईत पाहावे. जतन करावयाचे ते मात्र आपल्या गावीच असते.

त्याच संध्याकाळी आम्ही दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकास गेलो. १९६५ पासून हे नाट्यगृह मराठी रंगभूमीचे माहेरघर मानले जाते. हत्तीपाशी माझेच बोलणे लांबल्यामुळे आम्हास उशीर झाला. तिसरी घंटा होऊन गेली होती. अंधारात खुर्च्या शोधताना झालेल्या खडखडाटाने रंगमंचावरील नट क्षणभर थबकला. मला ओशाळल्यासारखे झाले. पण त्या क्षणी नाटकाचे मर्मही समजले. चित्रपटाच्या पडद्याला प्रेक्षकाची चाहूल लागत नाही, नटाला लागते. आपला हशा, आपली शांतता आणि आपला गोंधळही प्रयोगाचा भाग होतो. दगडी हत्ती उद्याही भेटेल. आजचा प्रयोग मात्र उद्या नसेल.

मध्यंतरात आमचे सदस्य नाटकातील भाऊबंदकीवर तावातावाने बोलू लागले. ते पुष्कळसे स्वतःच्या गावाविषयीच बोलत होते. ज्यांच्या गावच्या जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो वा दशावतार रंगतो, त्यांना नाटक परके कसे वाटावे? राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी कलावंत तीत उतरत आले आहेत. मुलांसाठी सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये बालरंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. प्रायोगिक नाटकांना १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने आसरा दिला. नव्या नाटकाला शाळेचे सभागृहही पुरते, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

काही व्यावहारिक सूचना करतो. सहलीपूर्वी वर्गात एक तास त्या स्थळाविषयी बोलावे. संग्रहालयाची वेळ व साप्ताहिक सुटी आधी विचारून घ्यावी आणि शाळेच्या पत्राने भेटीची कल्पना द्यावी. दोन किंवा तीनच दालने निवडावीत. प्रत्येक मुलाने एका वस्तूचे चित्र काढून तिच्याखाली पाच ओळी लिहाव्यात. मुक्काम असल्यास एक नाटक अवश्य दाखवावे आणि घंटेपूर्वी अर्धा तास पोहोचावे. ज्यांना मुंबई गाठणे शक्य नाही, त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या फिरत्या संग्रहालयाविषयी चौकशी करावी. हा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला.

पंचायत सदस्यांना एक विनंती. गावातील वीरगळ, शिलालेख, जुनी वाद्ये आणि जुनी हत्यारे यांची एक नोंदवही शाळेच्या साहाय्याने तयार करावी. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे हे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे. आणि कोणत्याही कामाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी, त्या जागेवर कोणता जुना दगड उभा आहे, हे एकदा जाऊन पाहावे. मोडलेला हत्ती जोडता आला, कारण त्याचे तुकडे कोणीतरी जपून ठेवले होते. रस्त्याच्या पायात गेलेला वीरगळ मात्र परत येत नाही.