खापर्डे आणि टिळक: स्नेह आणि कामकाज

जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावर 'सा. न. वि. वि.' असे आणि शेवटी 'लोभ असावा ही विनंती'. मधल्या ओळींत तब्येत, पैसा, कोर्टकचेरी सगळे एकत्र नांदे. अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे आणि लोकमान्य टिळक यांचा स्नेहही असाच, कामकाजात मुरलेला. १८९७ साली पुण्याचे बाबामहाराज वारले. त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांत हे दोघे होते. त्यातूनच बाबामहाराजांच्या विधवेच्या नावाने ओळखले जाणारे ताईमहाराज प्रकरण उभे राहिले. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल टिळकांच्या बाजूने लागायला १९१५ उजाडले. मधेच, १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा खापर्डे चालती वकिली बाजूला ठेवून अपिलासाठी विलायतेला गेले आणि १९१० मध्ये परतले. मित्रासाठी दोन वर्षे! मला यापुढे दुसरा दाखला सुचत नाही. खापर्डे नेमाने रोजनिशी लिहीत, म्हणून त्या काळाचे बारीक तपशील आज हाती लागतात. अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यांत, कापसाच्या पेढ्यांत अशा कागदांची बोचकी असतील, तर ती रद्दीत घालू नका. आधी एकदा उलगडून वाचा, आणि जवळच्या ग्रंथालयात दाखवा.