एकच बांधणी, तीन मुक्काम

देहूहून हिंजवडीचें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान फार लांब नाहीं. आमच्या आळींतील तरुण मंडळी रोज तिकडे जातात आणि परततांना ‘बिल्ड’ या शब्दाचा घोष करितात. मी पडलों जुना मॅट्रिक. पण शब्द कानीं आला कीं अर्थ विचारल्यावांचून मास्तरास चैन पडत नाहीं.

बिल्ड म्हणजे प्रोग्रामची बांधणी. बांधलेल्या प्रोग्रामला तीन मुक्काम असतात: लिहिणाराचें टेबल, परीक्षेचा सर्व्हर, आणि शेवटीं तुम्हांआम्हां सर्वांच्या वापराचा सर्व्हर. प्रोग्राम एकच, परंतु डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, ग्राहकांस खरे संदेश धाडावयाचे कीं नाहींत, या गोष्टी प्रत्येक मुक्कामीं निराळ्या. परीक्षेपुरता लिहिलेला ‘आपलें खातें बंद झालें’ हा संदेश खऱ्या खातेदाराच्या हातीं पडला तर त्या घरीं काय धांदल उडेल!

बांधणी हातानें न करतां लेखी आज्ञांवरून यंत्राकडून करवून घेण्याची युक्ति जुनी आहे. १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंतील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ हें साधन रचिलें. निमित्त मौजेचें होतें. एका सहकाऱ्यानें चूक दुरुस्त केली, पण तो भाग पुन्हां बांधलाच नाहीं. बिचारा निर्दोष प्रोग्राममध्यें चूक शोधीत बसला.

आतां मोह असा होतो कीं, आज्ञापत्रांतच लिहावें: परीक्षा असेल तर हा पत्ता, लोकांसाठीं असेल तर तो. मग प्रत्येक मुक्कामाची बांधणी निराळी. परीक्षेंत उतरते एक वस्तु आणि लोकांच्या हातीं पडते दुसरी. एका मुलाचा पेपर तपासून दुसऱ्यास पास करण्यासारखेंच हें!

ज्येष्ठ वद्य सप्तमीस आमच्या गांवाहून पालखी निघते. आकुर्डीची व्यवस्था आकुर्डीकर पाहतात, पुण्याची पुणेकर. पालखी बदलत नाहीं. तसें येथेंही एकदांच बांधावें आणि स्थानिक गोष्टी, प्रोग्राम सुरू होतांना, तेथल्या यंत्रानें त्यास सांगाव्या. युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत, १९७९ सालीं, तशी सोय आली. पासवर्ड तर आज्ञापत्रांत मुळींच नसावा. गिटच्या वहींतून खोडला तरी तो मागील पानांवर राहतो.

पण वेगळें ठेवलें म्हणजे भागलें असें नाहीं. १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यापारी कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकीं एकावर नवा प्रोग्राम चढवावयाचा राहिला होता. नव्या प्रोग्रामसाठीं केलेली खूण त्या जुन्यानें भलतीच वाचली, आणि पाऊण तासांत ४४ कोटींहून अधिक डॉलर बुडाले.

यास्तव आज्ञापत्रानें आरंभींच पाहावें: लागणारी प्रत्येक गोष्ट मिळाली कां, आवृत्ति सर्वत्र एकच आहे कां. एखादी उणी आढळल्यास अंदाजानें पुढें न जातां, तिचें नांव सांगून तेथेंच थांबावें.