झाडावर चढणारे मचाण

मचाण हा शब्द ग्वाल्हेर-इंदूरकडील जुन्या मंडळींना नवा नाही. झाडाच्या बेचक्यात खाट किंवा फळ्या बांधावयाच्या आणि जनावराची वाट पाहात रात्र काढावयाची, अशी ती रीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचे ते दिवस संपविले. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठराविक हंगामात आजही चालते. आणि तेथील मचाणाचा एक प्रकार असा आहे की तो शिकाऱ्यासह झाड चढतो!

या मचाणाचे दोन सुटे भाग असतात. वर बैठक, खाली पाय ठेवण्याची चौकट. दोहोंना खोडाभोवती वळविलेली पोलादी तार किंवा पट्टा असतो. भार पडला की चौकटीचे दाते आणि पलीकडची तार खोडाला घट्ट धरतात. भार काढून चौकट तिरपी केली की पकड सुटते. बैठकीवर भार टाकून पायांनी खालची चौकट वर ओढावयाची, मग तीवर उभे राहून बैठक वर सरकवावयाची. सुरवंट चालतो तसेच हे चढणे.

पकड भारावर अवलंबून, यातच धोकाही आहे. पाय उचलताच खालची चौकट निसटली, तर माणूस बैठकीवर अधांतरी राहतो. म्हणून दोन्ही भाग दोरीने एकमेकांस बांधलेले हवेत. ही क्षुल्लक दोरी विसरणाऱ्याला मी तरी शिकारी म्हणणार नाही.

मचाण निवडताना किती भार पेलेल, हे आधी पाहावे. त्यात अंगावरचे जाड कपडे व हत्यारही धरावे. ॲल्युमिनियमचे हलके असते, पण खडखडले तर हरीण सावध होते. झाड त्याहून महत्त्वाचे. ते जिवंत, सरळ आणि खाली फांद्या नसलेले हवे. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते. दाते तिच्यात रुतले तरी खोडात रुतत नाहीत. खोड वर निमुळते होत जाते, त्यामुळे खाली सपाट बसविलेली चौकट वर पोचेपर्यंत बाहेरच्या बाजूने कलते. सुरुवातीलाच ती बाजू किंचित उचललेली ठेवावी.

पंधरा-वीस फूट उंची पुष्कळ झाली. त्याहून वर गेल्यास नेमाचा कोन फार तीव्र होतो, आणि जखमी जनावर रानात हरवणे ही शिकाऱ्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

पडण्यापासून वाचविणारा पट्टा नुसता कमरेचा नसावा, सर्वांगाचा असावा. पाय जमिनीवर असतानाच तो खोडाला अडकवावा आणि चढता चढता वर सरकवीत न्यावा. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहणेही घातक, कारण रक्त पायांत साठते. म्हणून पाय टेकण्यास दोरीचा फास खिशात ठेवावा. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोरीने मागाहून वर घ्यावी.

उतरण्याची क्रिया चढण्याच्या उलट, पण तेव्हा अंधार पडलेला असतो आणि थंडीने बोटे आखडलेली असतात. म्हणून हंगामापूर्वी दिवसाउजेडी, जमिनीपासून हातभर उंचीवर, ही चढउतर अनेकदा करून पाहावी. आणि कोणत्या झाडावर बसणार, हे घरी सांगूनच निघावे.