आपल्या घरातली न लिहिलेली कादंबरी

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात वाचन मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

समितीने आम्हांला 'वाचनाचे महत्त्व' हा विषय दिला. विषय फार मोठा, आणि त्यावर बोलू शकणारी जाणती माणसं याच व्यासपीठावर बसली आहेत. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा कोपरा निवडला. आपणां सर्वांना ठाऊक आहे की दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दहा-पंधरा जण इथंच सतरंजीवर बसतो आणि कादंबऱ्या, आत्मकथनं मोठ्यानं वाचतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाची नजर अधू झालीय, कुणाला अक्षरओळख नाही, कुणाला वाचता येतं पण घरी सवड मिळत नाही. अशा सगळ्यांची ही बैठक.

बैठक सुरू झाली तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारलं, "विहारात कादंबऱ्या कशाला? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचा की!" प्रश्न रास्त होता. तो ग्रंथ आपण वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज वाचतोच आणि पुढेही वाचणार. परंतु उरलेल्या नऊ महिन्यांत कादंबरीनं आम्हांला काय दिलं, ते आज आपणांसमोर ठेवायचं आहे.

सुरुवात आम्ही अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'ने केली. १९५९ साली आलेली ही कादंबरी. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला आणि वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला हा माणूस. त्यानं ही कादंबरी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हे सारं आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकलेलं असतं. परंतु वाचता वाचता आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा फकिरा अण्णाभाऊंच्या नात्यातलाच होता आणि अण्णाभाऊंचा जन्म झाला तेव्हा त्यानं बाळंतिणीच्या घरी दोन ओंजळी सुरती रुपये दिले, असं सांगितलं जातं. म्हणजे एवढी मोठी कादंबरी उगवली कुठून? घरात आई-मावश्यांच्या तोंडी असलेल्या एका आठवणीतून! ती आठवण कुणी सांगितलीच नसती, किंवा ऐकणाऱ्यानं 'जुनं पुराणं' म्हणून सोडून दिली असती, तर फकिरा वाटेगावाच्या मातीतच राहिला असता.

इथून आमच्या वाचनाला वेगळी दिशा मिळाली. पुस्तकातलं ऐकता ऐकता माणसं आपापल्या घरातलं बोलू लागली.

ज्यांची घराणी मोठी, त्यांच्याकडे वंशावळी असतात, सनदा असतात, वाड्याच्या भिंतीवर तसबिरी असतात. आपल्याकडे काय आहे? एखाद्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचा पास, जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि कोपरे दुमडलेला एखादा फोटो. बाकी सगळा इतिहास तोंडात. तोंड मिटलं की इतिहास मिटला.

आणि हा इतिहास लहान नाही बरं का! एका बैठकीत एक गृहस्थ सहज म्हणाले, "आमचे आजोबा साच्यावर नव्हते, रिंगात होते." तरुण मुलांना त्यात काहीच वाटलं नाही. मग जुन्या गिरणी कामगारांनी समजावून दिलं. साचा खातं म्हणजे कापड विणायचं खातं. तिथं पगार जास्त. परंतु धोट्यातल्या सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं इतर कामगार म्हणत. म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला होता. आता पाहा, 'रिंगात होते' या दोन शब्दांत केवढी गोष्ट दडलेली आहे! नातवाला ते दोन शब्द माहीत होते, पण त्यांचा अर्थ त्या रविवारी कळला.

१९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. मुंबईतला कावाखाना, गावचा महारवाडा, घरातली भांडणं, दारू, सगळं त्यांनी जसंच्या तसं मांडलं. पुस्तक गाजलं, पण आपल्याच समाजातले शिकलेले काही लोक नाराज झाले. घरातलं उघड्यावर का आणलं, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं आजही आपल्या घराघरांत ऐकू येतं. आजी काही सांगायला लागली की सूनबाई डोळ्यांनी खूण करतात. कुणी म्हणतं, "मुलाच्या ऑफिसातले लोक आलेत, मढी ओढायची गोष्ट आता नको."

आम्ही या लोकांना दोष देत नाही. ज्यांनी सोसलं त्यांना विसरायचाही हक्क आहे. परंतु न सांगितल्यानं लाज जात नाही, ती फक्त पुढच्या पिढीकडे सरकते, आणि तिला ती कशाची हेही कळत नाही. काय सांगावं, किती सांगावं, याला मोजमाप हवं असेल तर ते आपल्या धम्मात आहे. सम्यक वाचा म्हणजे काय? जे सांगायचं ते खरं असावं, वेळ पाहून सांगावं, मृदू शब्दांत सांगावं, ऐकणाऱ्याच्या हिताचं असावं आणि मनात मैत्री ठेवून सांगावं. शेजाऱ्याची बदनामी होईल असं सांगू नये. पण आपल्या आजीनं शेणाच्या पाट्या वाहिल्या, हे सांगण्यात कुणाची बदनामी आहे?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आम्ही सलग सहा रविवार वाचलं. घरच्या छोट्या दुकानात बसून, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. पुढे लिहू लागल्या तेही घरच्यांपासून लपवून, आणि ते लिखाण कित्येक वर्षं तसंच पडून होतं. ते पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. कोकणातली त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची. त्या विणलेल्या वस्तूंचंच नाव त्यांनी पुस्तकाला दिलं. याच उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गावोगाव गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्यातल्या किती जणींची नावं उरली असती, याचा विचार करावा.

आता या बैठकीत जे घडलं आणि ज्यासाठी आज आम्ही उभे आहोत, ते सांगतो.

आठवणी निघू लागल्या तशा त्या सगळ्या दुःखाच्याच निघत. पाण्याच्या, भाकरीच्या, अपमानाच्या. दहा घरांच्या गोष्टी ऐकल्या आणि वाटलं, एकच गोष्ट दहादा ऐकली. कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "आपल्या आजी-आजोबांना कधी मजा आलीच नाही का?" सगळे गप्प. मग ऐंशी ओलांडलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "आली की! पण कुणी विचारलं नव्हतं."

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. उन्हाळ्यात चाळीच्या गॅलरीत एका ओळीत अंथरुणं पडायची ती मजा. पहिला पगार झाला म्हणून सगळ्या मजल्याला बटर आणि चहा. चहा बशीत ओतून दोघा भावांत एक बशी. नळाला पाणी यायच्या आधी पहाटे बायकांची गाणी. वैशाख पौर्णिमेची खीर, आणि त्या दिवसापुरती पेटीतून निघणारी पांढरी साडी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून परत येताना शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर घेतलेलं पुस्तक, आणि ते आधी कुणी वाचायचं यावरून घरात झालेलं भांडण!

त्याच आजींनी आणखी एक सांगितलं. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत त्या आईचं बोट धरून गेल्या होत्या. त्याच चितेच्या साक्षीनं भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली, हा इतिहास आपण वाचलेला आहे. परंतु आजींना आठवतं ते असं, की दिवसभर रडून घरी आल्यावर त्यांच्या आईनं भाकरी थापली आणि म्हणाली, "आजपासून आपण बुद्धाचे." आणि त्या दुःखातही आपल्याला कसलं तरी नवं नाव मिळालं म्हणून लहानग्या मुलीला आनंद झाला. ही ओळ कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. ती एकाच घरात आहे.

असं दुःख आणि आनंद शेजारी शेजारी लिहिणं, हे आम्ही बाबासाहेबांकडूनच शिकलो. त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावानं ती मराठीत ओळखली जाते. त्यात १९०१ सालचा प्रवास आहे. वडील रामजी सुभेदार नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावला, आणि मुलं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघालेली. मसूर स्टेशनवर जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, दुप्पट भाड्यावर, आणि तेही मुलांनीच बैलगाडी हाकायची या अटीवर. रात्री जवळ अन्न असून पाणी मिळालं नाही म्हणून मुलं उपाशी राहिली. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी बाबासाहेबांनी काय लिहिलंय? प्रवासासाठी शिवलेले नवे कपडे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं, आणि पहिल्यांदा आगगाडीत बसायला मिळणार म्हणून मुलांना झालेला आनंद. तो आनंद वाचल्यावरच पुढच्या अपमानाचं वजन कळतं. नव्या टोप्या घातलेली ती मुलं आपल्याला आपल्याच घरातली वाटू लागतात.

दुःख सगळ्या समाजानं एकत्र सोसलं, म्हणून ते सगळ्यांचं सारखं दिसतं. आनंद मात्र ज्याच्या त्याच्या घरचा निराळा. म्हणून घराचा इतिहास लिहायचा तर आनंदही लिहायला पाहिजे. नाहीतर आपली मुलं समजतील की आपले पूर्वज म्हणजे नुसते मार खाणारे लोक. ते मार खाणारे होते, लढणारेही होते, आणि बशीतला चहा वाटून घेत हसणारेही होते.

आता हे आजच का बोलतो? कारण वेळ थोडा आहे. आपण बीडीडी चाळींतली माणसं. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी, १६० चौरस फुटांची खोली, आणि त्यात तीन-तीन पिढ्या. पुनर्विकास सुरू झालाय. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगली गोष्ट आहे, आपल्या माणसांनी त्यासाठी खूप वाट पाहिली. पण घर बदलताना पहिल्यांदा काय टाकलं जातं? ती पत्र्याची पेटी. आणि गॅलरी गेल्यावर आजीला कुणाशी बोलायला मिळणार? लिफ्टमध्ये तर कुणी गोष्ट सांगत नाही.

म्हणून वाचन मंडळातर्फे आमची नम्र विनंती आहे. प्रत्येक घरानं दोनशे पानी वही घ्यावी. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसून चार गोष्टी विचाराव्यात. आपण कोणत्या गावचे आणि ते गाव का सोडलं? मुंबईत पहिली रात्र कुठं काढली? आपल्या घरात पहिल्यांदा कोण शाळेत गेलं? आणि चौथा प्रश्न विसरू नये: तुम्हांला सगळ्यांत जास्त मजा कधी आली? उत्तर त्यांच्याच बोलीत लिहावं, शुद्ध करू नये. 'व्हतं' म्हणाल्या तर 'व्हतं'च लिहावं. फोटोच्या मागं पेन्सिलनं नावं आणि साल टाकावं. सांगणाऱ्यानं एखादी गोष्ट लिहू नको म्हटलं तर लिहू नये. मोबाईलवर आवाज टिपून घेतला तरी वहीत उतरवावंच, कारण फोन बदलतो तसा आवाजही हरवतो.

या वह्या ठेवायला विहाराच्या ग्रंथालयात एक कपाट द्यावं, अशी समितीला विनंती आहे. ज्यांना घरातच ठेवायची आहे त्यांनी घरात ठेवावी. पण लिहावी.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एका पुस्तकाची भेट कुठवर जाऊ शकते, हे आज आपण सगळे या विहारात बसलो आहोत त्यावरूनच दिसतं. आपल्या वहीतून प्रत्येक वेळी कादंबरी होईलच असं नाही. पण आपल्या नातवंडांना कुणी विचारलं, "तुम्ही कोण? कुठले?" तर त्यांना मान वर करून आणि थोडं हसून उत्तर देता येईल.



भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!