कार्डाचे देणे आणि दोघांचा हिशेब



कर्ज हा विषय आपल्या मुलखाला नवा नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत सावकारांच्या घरचे कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी झाली. त्या लोकांचा मुख्य रोख कागदावर होता. कागदावर काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते; अंगठा मात्र त्याचा होता. पुढे चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

आज दीडशे वर्षांनी रोखा बदलला आहे. तो आता खिशात मावतो, गुळगुळीत असतो, त्यावर आपले नाव उठावदार अक्षरांत असते. त्याला क्रेडिट कार्ड म्हणतात. त्याचा महिन्याचा हिशेब आपल्याला वाचता येतो. पण तो नीट वाचतो कोण? आणि वाचलेले घरात सांगतो कोण? आज मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी विशेष बोलायचे आहे. कारण कार्डाचे देणे डोक्यावरून जाऊ लागले की, नवराबायकोत पहिली गोष्ट घडते ती म्हणजे लपवालपवी.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांकडे एटीएमचे, म्हणजे डेबिट कार्ड असते. त्यातून आपलेच पैसे निघतात. खात्यात नसले तर निघत नाहीत. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तिथे दुकानदाराला पैसे बँक देते, आणि आपण बँकेचे देणेकरी होतो. ठरलेल्या तारखेपर्यंत सगळी रक्कम चुकती केली, तर खरेदीवर व्याज नाही. इथपर्यंत हे कार्ड सोयीचे आहे. पण सगळी रक्कम भरली नाही, की खरेदीच्या दिवसापासून व्याज धरले जाते, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. कार्डावर रोख रक्कम काढली, तर त्याच दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

हे व्याज किती? अनेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. महिन्याला, बरे का! म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणखी. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटले होते की, ३० टक्क्यांवर व्याज घेणे ही अनुचित प्रथा होय. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा कोणी येऊन व्याज कमी करील, या आशेवर बसून चालणार नाही.

आता समजा, एक प्राथमिक शिक्षक आहेत. पगार बँकेत जमा होतो, म्हणून बँकेने कार्ड दिले. पहिल्या वर्षी मोबाइल घेतला, मग फ्रीज. धाकट्या बहिणीच्या लग्नात आहेर, कापडचोपड झाले. मग वडिलांचे आजारपण निघाले. गुरुजी काही उधळे नाहीत. पण एक लाखाचे देणे साचले. महिन्याच्या हिशेबात एक ओळ येते: ‘किमान देय रक्कम’. समजा, ती पाच हजारांच्या घरात आहे. गुरुजी तेवढे भरतात आणि मनाशी म्हणतात, चला, हप्ता गेला.

हप्ता गेला खरा. पण गेला कुठे? एक लाखावर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ३,५०० रुपये. त्यावर कर ६३० रुपये. झाले ४,१३०. भरलेल्या पाच हजारांतून मुद्दलाला पोचले फक्त ८७० रुपये. दर महिन्याला पाच हजार याप्रमाणे वर्षभरात साठ हजार भरले, आणि कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी वर्षाच्या शेवटी देणे उरते सुमारे ८६,८०० रुपये. ते पुरते फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि एका लाखापोटी सुमारे २ लाख १६ हजार जातात. नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड लांबते, अशी सूचना बिलावर ठळक छापावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. ती ओळ बिलावर असते. आपण ती ओलांडून पुढे जातो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. पाच हजारांऐवजी दरमहा सात हजार भरले, तर? तेच देणे सुमारे २२ महिन्यांत फिटते, आणि एकूण जातात सुमारे १ लाख ५४ हजार. दोन हजारांची भर घातली, तर मुदत निम्म्यावर आली आणि साठ हजारांच्या वर रक्कम वाचली! शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर जरूर घालावे. चक्रवाढ व्याजाचा याहून उपयोगी धडा मिळणार नाही.

पण हे वरचे दोन हजार आणायचे कुठून? इथेच नवराबायकोचा प्रश्न येतो.

गुरुजी एकटे असेपर्यंत ते दोन हजार त्यांना सापडत नाहीत. घरखर्च त्यांच्या हातात नाही. दुधाचे, किराणाचे, मुलांच्या शिकवणीचे पैसे कुठे किती जातात, हे घरधनिणीला ठाऊक. आणि तिला देणे ठाऊक नाही. ती बिचारी दिवाळीला दोघी नणंदांना साड्या घ्यायचे ठरवते, आणि हे ‘बरं’ म्हणतात. कारण नाही म्हणावे, तर कारण सांगावे लागेल. मग साड्या कार्डावर येतात. बँकेचा फोन आला की गुरुजी अंगणात जाऊन बोलतात. बाईंना शंका येते, पण भलतीच. अशी किती घरे केवळ न सांगितलेल्या आकड्यापायी आतून पोखरली जातात! उलटही होते. भिशीचा हप्ता, माहेरची अडचण, मुलाची फी यांसाठी बाई कार्ड वापरते, आणि नवऱ्याच्या रागाच्या धाकाने बोलत नाही.

आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्डाच्या बाबतीत ती अगदी शब्दशः खरी ठरते. एक लाखाची मूठ झाकून ठेवा, ती सव्वा लाखाची होते. पण देण्याच्या बाजूने! म्हणून मी म्हणतो, या कर्जाचा पहिला हप्ता पैशात भरायचा नसतो. तो शब्दांत भरायचा असतो, आणि बँकेत नव्हे, घरात.

कसे सांगावे? जेवणाच्या पानावर नको, पाहुण्यांदेखत नको, मुले जागी असताना नको. एखाद्या सुटीच्या दुपारी वही, पेन आणि सगळे कागद घेऊन दोघांनी बसावे. आकडा संपूर्ण सांगावा. निम्मा आज आणि निम्मा पुढच्या महिन्यात, असे करू नये. दुसऱ्यांदा फुटलेले गुपित पहिल्यापेक्षा जास्त दुखवते. ऐकणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. राग येणारच, तो येऊ द्यावा. ‘अहो, इतके दिवस मला का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे. पण त्या दिवशी कोर्ट भरवू नये. एकाने आरोपी आणि एकाने न्यायाधीश व्हायचे ठरवले, तर वहीत आकडे कोणी मांडायचे?

वहीत पहिल्या पानावर सगळी देणी लिहावीत: कोणाचे, किती, व्याजाचा दर काय, तारीख कोणती. काही सुटले असेल असे वाटले, तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो; त्यात आपल्या नावावरची कर्जे आणि कार्डे दिसतात. दुसऱ्या पानावर घरात येणारा पैसा, तिसऱ्यावर जाणारा. मग दोघांनी मिळून ते दोन हजार शोधावेत. कुठे पेट्रोल, कुठे रिचार्ज, कुठे नुसत्या भिडेखातर दिलेला आहेर. कोणी शिवणकाम वाढवील, कोणी एक म्हैस जास्त सांभाळील. एकट्याच्या नजरेला न दिसलेली रक्कम दोघांच्या चार डोळ्यांना दिसते.

नंतर कार्ड कपाटात कुलूपबंद करावे. गळकी घागर भरत बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन कार्डे असतील, तर सगळ्यांवर किमान रक्कम भरावी आणि वरची सारी रक्कम सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डावर टाकावी. ते फिटले की पुढचे. बँकेला लेखी विचारावे की, शिल्लक देणे कमी व्याजाच्या मासिक हप्त्यांत बदलून द्याल का, आणि त्याची फी किती.

शिक्षकांना आणखी एक वाट आहे, ती म्हणजे आपली पतसंस्था. समजा, तिथे वर्षाला १२ टक्क्यांनी एक लाख मिळाले आणि कार्ड फेडून टाकले. मग दरमहा तेच पाच हजार भरून देणे साडेबावीस महिन्यांत फिटते, आणि व्याज जाते सुमारे १२ हजार. मात्र एक अट आहे. फिटलेले कार्ड बंद करावे. नाहीतर वर्षभराने पतसंस्थेचा हप्ताही राहतो आणि कार्डही पुन्हा भरते. सगळे देणे चुकते करून कार्ड बंद करण्याची मागणी केली, तर बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केले पाहिजे; उशीर केल्यास दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जातून कार्ड फेडणे मात्र आगीतून फुफाट्यात जाणे होय.

मग घरातली नजर जाते सोन्याकडे. इथे जरा थांबून ऐका. एकाच्या कार्डाचे देणे केवळ लग्नाच्या नात्याने दुसऱ्यावर येत नाही. तुम्ही सही करून जामीन राहिला असाल, तर गोष्ट वेगळी. मूळ कार्डाला जोडून पत्नीच्या नावे दुसरे कार्ड घेतले असेल, तर त्याचेही देणे मूळ कार्डधारकाचेच. आणि पत्नीचे स्त्रीधन तिचे स्वतःचे असते. ती पतिपत्नीची सामाईक मालमत्ता नव्हे, अडचणीत पतीने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ सालीही सांगितले. सोने गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचे व्याज कार्डापेक्षा सहसा बरेच कमी असते, हे खरे. पण पाटल्या द्यायच्या की नाही, हे तिने ठरवायचे, आणि पूर्ण आकडा समजल्यानंतर ठरवायचे. दिल्या, तर त्या कधी सुटून येणार, तेही वहीत लिहावे.

वसुलीवाल्यांची धास्ती पुष्कळांना असते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचे फोन करू नयेत, धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. पैसे नाहीत म्हणून देणे थकले, एवढ्याने तो फौजदारी गुन्हा होत नाही. पण दिलेला धनादेश वटला नाही, तर खटला होऊ शकतो. म्हणून खात्यात पैसे नसताना कोणाच्या दडपणाखाली धनादेश लिहून देऊ नये. त्रास झाला, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही. वकिलाचा सल्ला हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

कधी कधी बँक म्हणते, एवढे एकरकमी भरा, बाकीचे सोडतो. ते पत्र हाती आल्यावाचून पैसे भरू नयेत, आणि भरल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा. तडजोडीची नोंद पतअहवालात राहते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आड येते. म्हणून पूर्ण फेड शक्य असेल, तर तीच बरी. अगदीच शक्य नसेल, तर तडजोड.

आणि एक सांगतो. देण्याच्या काळजीने झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्या माणसाशी बोलाच. शिवाय १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. देणे लाखाचे असो की दहा लाखांचे, ते आकड्यात मोजता येते. माणूस मोजता येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी रोखे जाळले, कारण त्यांतला हिशेब त्यांच्यापासून झाकलेला होता. आपला हिशेब झाकलेला नाही. आपणच तो एकमेकांपासून झाकतो. तेव्हा जाळायचे काही नाही, उघडायचे तेवढे आहे. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी दोघांनी दहा मिनिटे ती वही उघडावी, फिटलेली रक्कम मांडावी आणि उरलेल्या आकड्याखाली दोघांनी सही करावी. देणे एकाच्या नावावर असले, तरी ते फिटते दोघांच्या हाताने.